रडून दाखवा म्हणू नका

मला रडून दाखवायला सांगू नका. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे भेटल्यावर कुणाला राग नको.

माझी बायको अंबू गेली त्याला दहा दिवससुद्धा झाले नव्हते. अबुधाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत मुलाचं घर आहे, त्याच बिल्डिंगखालच्या दुकानात मी दूध आणायला उतरलो होतो. डोकं भादरलेलं, मिशी गेलेली, अंगावर मुलाचा जुना टी-शर्ट. तरी गल्ल्यावरच्या माणसाने ओळखलं. निजामाबादकडचा होता. गल्ला सोडून बाहेर आला, पाया पडला आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून तेलुगूत म्हणाला, "बाबाई, एकदा कोडी. एकदाच. गावाला बायकोला पाठवतो."

त्याला काय ठाऊक. मी दूध तिथंच ठेवलं आणि वर आलो. सूनबाईने विचारलं, "बाबा, दूध?" मी म्हटलं, संपलंय.

कोडी म्हणजे कोंबडी आणि बाबाई म्हणजे काका. तेलुगू सिनेमावाल्यांना माझं खरं नाव माहीत नाही, कोडी बाबाई म्हटलं की लगेच कळतं. मराठी माणसाला दोन्ही माहीत नाही, म्हणून सांगतो. मी सोलापूरचा पद्मशाली. आमच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात आणि शाळा मराठी. चौथी झाली आणि मी मागावर बसलो. अंबूही तिकडचीच, तीही चौथी. आमच्यात एक रीत पडली होती, संसार तेलुगूत आणि भांडण मराठीत. ती मराठीत सुरू झाली की मी चप्पल घालून बाहेर पडायचो.

हैदराबादला कसा पोचलो, पहिलं काम कुणी दिलं, ते सगळं लिहीत नाही. तसलं सगळ्यांचं सारखंच असतं. सूनबाई इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं बघते. ती म्हणाली, "बाबा, सिनेमातल्या गमती लिहा, शुद्धलेखन मी करते." गमती लिहितो. पण मध्ये दुसरं येईल, ते काढायचं नाही असं तिला बजावलंय.

विनोदी नटाचं मुख्य काम म्हणजे थप्पड खाणे. निदान माझ्या वेळी होतं. बघणाऱ्याला वाटतं मारणारा मारतो. मारणारा काही करत नाही, त्याचा हात गालापासून वीतभर लांबून जातो. काम सगळं खाणाऱ्याचं. हात यायच्या आत मान फिरली तर शॉट वाया, डोळा मिटला तरी वाया. फिरल्यावर पाय आधी लटपटायला पाहिजेत आणि मग चेहऱ्याला कळायला पाहिजे की आपल्याला बसली. आधी पाय, मग चेहरा. हे शिकायला मला दोन वर्षं लागली. फाइटमास्तरचा असिस्टंट ओरडायचा, "अरे मामा, मार खायच्या आधी तोंड का वाकडं करतो? तू काय बायकोसमोर उभा हायस काय?"

मी भारी थप्पड खायचो. हे मी बढाई म्हणून सांगतो, माझ्याकडे दुसरी बढाई नाही. मोठे मोठे हिरो म्हणायचे, बाबाईला घ्या, त्याला मारलं की आपण पैलवान दिसतो. एक हिरो नवा होता, बड्या घरचा. त्याला वीतभर अंतर जमेना. रिहर्सलला जमलं, टेकला हात खरोखर बसला, उघडा पंजा, डाव्या कानावर. पाय लटपटले ते खरे लटपटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो सीताफळांची करंडी घेऊन आला आणि म्हणाला, "बाबाई, शॉट एक नंबर आला."

आला होता खरा. डावा कान तेव्हापासून बंद आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉमेडी ट्रॅक. तेव्हा बऱ्याच सिनेमांत विनोदाचा भाग वेगळा लिहून घ्यायचे, वेगळा शूट करायचे. चार दिवसांत एका वाड्यात नाहीतर शेतात आम्ही आमचं उरकायचो. मग त्याचे तुकडे करून मारामारीच्या मागे, रडारडीच्या पुढे असे टाकायचे. हिरोची आणि आमची भेटसुद्धा व्हायची नाही. त्या चार दिवसांत तुमचा बाप मेला तरी चार दिवस ते चार दिवस. सेट उतरला की खलास.

माझा बाप नाही मेला. मुलगी गेली.

आमची पहिली मुलगी, पद्मा. अकरा महिन्यांची. ताप आला, डोक्यात गेला, तिसऱ्या दिवशी संपलं. तिला पुरून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या ट्रॅकचा पहिला दिवस होता. मी गेलो. अंबू जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि रडत होती.

तिच्या रडण्याविषयी सांगायला पाहिजे. अंबू मोठ्याने रडायची नाही. श्वास आत ओढायची, तो मध्येच अडकायचा, धागा तुटल्यावर माग थांबतो तसा. अगदी गप्प. आपल्याला वाटावं झालं, थांबली. आणि मग आतून बारीक शिट्टीसारखं काहीतरी निघायचं, वर वर चढायचं आणि उचकीवर मोडायचं. तीन रात्री मी शेजारी पडून तेच ऐकत होतो.

सीन असा होता. मी म्हातारा, मला एक लाडकी कोंबडी. जावई घरी येतो, जेवण होतं, मी रस्सा भुरकून भुरकून दोन ताटं खातो. मग कळतं की शिजलेली कोंबडी माझीच. हातात हाड धरून रडायचं. मी रडलो, जसे सगळे नट रडतात तसा, गळा काढून. कुणी हसलं नाही. डायरेक्टर खुर्चीतून म्हणाला, "बाबाई, नाटकातलं नको. दुसरं काहीतरी."

मी हाडाकडे बघितलं. श्वास आत ओढला, तो अडकला. पुढचं आपोआप आलं.

आधी वर लाइट धरणारा हसला. मग कॅमेरावाला. मग सगळं युनिट. डायरेक्टर खुर्चीवरून घसरला. म्हणाला, "वन मोर, असंच." मी परत केलं. जेवणाच्या सुट्टीत स्वयंपाकवालीपर्यंत सगळे ते करून बघत होते. कुणाला जमत नव्हतं.

इथपर्यंत मी स्वतःला माफ करतो. दुःखात होतो, तोंडातून निघालं. पण सिनेमाचं एक आहे. सेटवरचा आवाज कामाचा नसतो. कावळे असतात, जनरेटर असतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी सगळं परत बोलावं लागतं. काळोख्या खोलीत माईकसमोर उभं राहायचं, पडद्यावर आपलाच तुकडा फिरत राहतो, त्याच्या ओठांशी ओठ जुळवून बोलायचं. त्याला डबिंग म्हणतात. मी डबिंगला उभा राहिलो आणि ते रडणं येईना. श्वास अडकायचा, पण शिट्टी येत नव्हती. वीस वेळा केलं. साऊंडवाला म्हणाला, "घरी जा बाबाई, आठवून उद्या ये."

मी घरी गेलो. अंबू तेव्हा थोडी सावरली होती. तांदूळ निवडत बसली होती. मी ट्रंक उघडली. पद्माचे चांदीचे वाळे फडक्यात बांधून तळाशी ठेवलेले होते, ते काढले आणि तांदळाच्या ताटाशेजारी ठेवले. म्हटलं, "अंबू, पोरीची आठवण येते गं."

ती रडली. मी समोर बसून ऐकलं. श्वास किती वेळ अडकतो ते मनात मोजलं. शिट्टी कुठून निघते, छातीतून की नाकातून, ते बघितलं. तिचा हात मी हातात घेतला होता, तो धीर द्यायला नाही, उचकीचा ठेका समजावा म्हणून. दुसऱ्या दिवशी डबिंग पहिल्या टेकला ओके झालं.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. मुलालाही नाही. आता वाचेल.

सिनेमा चालला. सणाला आम्ही सोलापूरला आलो तेव्हा तिथंही लागला होता. सगळी भावकी थेटरात, अंबू माझ्या शेजारी. तो सीन आला आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं. थेटर कोसळलं होतं. माझी सासू पदर तोंडात कोंबून हसत होती. पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "आर्र, कसं रडलालाय बे ते येडं!" पडद्यावर माझं तोंड आणि आवाज अंबूचा.

घरी येऊन तिने चूल पेटवली. माझ्याकडे पाठ होती. मराठीत विचारलं, "तो आवाज तुम्हीच काढला?"

"हो."

"म्हणून वाळे काढले होते."

ती म्हणाली, "बरं." आणि भाकरी थापायला बसली. मी चप्पल घातली, पण बाहेर जायला सुचेना. तसाच चप्पल घालून घरात उभा राहिलो.

तेव्हापासून अंबू माझ्यासमोर रडली नाही. तिची आई गेली तेव्हा नाही, मुलगा पहिल्यांदा दुबईला निघाला तेव्हा नाही. डोळे भरले की उठून मोरीत जायची, नळ सोडायची. मी नळाचा आवाज ऐकत बसायचो. चाळीस वर्षं. आणि बाहेर मी तेच रडणं विकत होतो. म्हैस मेली, लॉटरी फाटली, बायको पळाली, सगळ्याला तेच. लेखक कागदावर नुसतं लिहायचे, "इथे बाबाई कोडी करतो." दुसरं काही मला कुणी मागितलंच नाही. माझी बाकीची कामं तुम्ही बघितली तर वाईट नव्हती. पण असो.

पाच वर्षांपूर्वी मुलाने आम्हाला इकडे आणलं. मला वाटलं, सुटलो, इथे कोण ओळखतं. पण या देशात आमची तेलुगू माणसं किती. टॅक्सीत, लिफ्टमध्ये, बिल्डिंग पुसणारे, सगळे करीमनगर नाहीतर निजामाबाद. "बाबाई, सेल्फी." एकदा न्हाव्याने अर्धी दाढी करून वस्तरा खाली ठेवला. म्हणाला, "आधी कोडी, मग उरलेली अर्धी." करून दाखवलं. काय करणार, अर्ध्या दाढीने घरी जाणार?

एक दिवस मात्र वेगळा झाला, तो सांगतो. रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्याच्या कॅम्पवर आमच्याकडची शंभरेक माणसं राहतात. त्यांनी सुट्टीच्या दुपारी बोलावलं. मुलाने गाडीने सोडलं, अंबू बरोबर होती. मी म्हटलं, दोन थपडा दाखवतो, कोडी करतो, चहा पितो, आणि यल्ला, म्हणजे इकडचं चला, निघतो. तिथे गेल्यावर कळलं की एकासाठी बोलावलंय. राजय्या नाव. त्याची आई चार दिवसांपूर्वी गावाकडे वारली होती आणि याची सुट्टी पुढच्या आठवड्यात मंजूर व्हायची होती. तो बोलत नव्हता, जेवत नव्हता. दुमजली खाटेच्या खालच्या फळीवर बसून होता. मुकादम म्हणाला, "बाबाई, याला हसवा. नाहीतर याचं डोकं फिरेल."

मी थपडा खाल्ल्या. सगळे हसले, राजय्या बघत राहिला. मग मी कोडी केलं. खोली हसली. आणि राजय्याचा श्वास आत गेला, अडकला आणि तो फुटला. माझे गुडघे धरून रडला, मोठ्याने, अर्धा तास. हसणारे गप्प झाले. मुकादमाने दार लोटून घेतलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा होतो. अंबू दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, सगळं बघत होती.

परत येताना गाडीत ती बराच वेळ बाहेरचे उघडे डोंगर बघत होती. मग मराठीत म्हणाली, "आज ते बरोबर माणसाकडे गेलं."

एवढंच. चाळीस वर्षांत त्या गोष्टीवर बोललेलं तिचं पहिलं वाक्य. दार किलकिलं झालं होतं. आत जाऊन पाय धरायचे होते, दुसरं काही करायचं नव्हतं. आणि मी काय केलं? जन्मभराची सवय. तोंडातून गेलं, "मग काय, आता तिकीट लावू?"

मुलगा हसला. अंबूने मान परत खिडकीकडे फिरवली. थप्पड खाल्ल्यावर आधी पाय, मग चेहरा, असं मी वर लिहिलंय. त्या दिवशी माझ्या चेहऱ्याला कळेपर्यंत अबुधाबी आलं.

मग तिचं दुखणं निघालं. हाडात पसरलेलं. डॉक्टरने मुलाला इंग्रजीत सांगितलं, मुलाने मला तेलुगूत अर्धंच सांगितलं. हॉस्पिटल चांगलं होतं, तक्रार नाही. तिथे एक कागद असतो, त्यावर तोंडं काढलेली. पहिलं हसरं, मग कमी कमी हसरं, शेवटचं रडणारं. खाली आकडे. पेशंटने बोट ठेवायचं, तेवढं दुखतंय असं समजून औषध देतात. मी तो कागद बघून म्हटलं, हा तर माझाच धंदा. अंबू हसली नाही. नर्सने कागद धरला की अंबू दुसऱ्या तोंडावर बोट ठेवायची. मी खूश. म्हणायचो, बघ, फार दुखत नाही तिला.

नर्स केरळची, कडक बाई. तिने एक दिवस मला बाहेर ओढलं. म्हणाली, "बाबा, आप इधर मत बैठो. आपके सामने अम्मा दो बोलती है. आप नमाज़वाले कमरे तक चाय लेने जाते हो, तब नौ बोलती है. दो पर मैं क्या दवा दूँ?"

मला पटलं नाही. आत गेलो. अंबूचे ओठ पांढरे पडले होते, चादर मुठीत होती. मी तेलुगूत विचारलं, दुखतंय का. तिने मान हलवली, नाही. मग डोळे मिटले आणि मराठीत म्हणाली,

"बाहेर जा. मला रडायचंय."

मी बाहेर आलो.

दाराशेजारी एक खुर्ची होती. तिच्यावर नीट बसलं की माझा उजवा कान, चालू कान, दाराकडे यायचा. मी बसलो आणि आतून श्वास ओढल्याचा आवाज आला. उठलो. खुर्ची उलटी फिरवली आणि डावा कान दाराकडे करून बसलो. झाडू मारणारा म्हणाला, "चाचा, कुर्सी उल्टा क्यूँ?" मी म्हटलं, हवा लागते. जन्मभर चोरून ऐकलं, आता तिला ऐकणारा नको होता. माझ्याकडे तिला द्यायला एक बहिरा कान होता, तो दिला.

अकरा दिवस मी असा बसलो. आत मुलगा, सूनबाई, शाळा सुटल्यावर नात सानवी. नर्स जाता येता मला सांगायची, "आज दवा बराबर दिया." म्हणजे अंबू नऊ बोलत होती. मी असतो तर दोन बोलली असती. अकराव्या दिवशी दुपारी उजव्या कानाला लिफ्टची घंटी ऐकू येत होती, तेवढंच. मुलाने खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं. आत केव्हा काय झालं, काही हाक मारली का, मी विचारलं नाही. मुलानेही सांगितलं नाही.

मला रडू आलेलं नाही. स्मशानात लोक वाट बघत होते, मला दिसत होतं. श्वास आत जातो आणि तिथेच थांबतो. पुढे शिट्टी येईल अशी भीती वाटते, म्हणून मी तो गिळतो. माझं स्वतःचं रडणं कसं होतं ते मला आठवत नाही. मुलगी गेली त्याच्या आधी कधीतरी असेल.

मागच्या आठवड्यात सानवी मोबाईल घेऊन आली. अकरा वर्षांची आहे, मराठी समजतं, बोलते इंग्लिश. कुणीतरी तिच्या वर्गातल्या तेलुगू मुलीने ती क्लिप पाठवली होती. कोंबडीवाली. ओरडत आली, "आजोबा, इज धिस यू? यू आर सो फनी!" आणि माझ्या उजव्या बाजूला बसून लावली. हाड, माझं तोंड, श्वास, शिट्टी, उचकी. सानवी हसत होती. मग हसायची थांबली. परत लावली. माझ्याकडे बघून हळू म्हणाली,

"धिस इज आजी. आजी डिड धिस इन द हॉस्पिटल."

मी हो म्हटलं.

ती म्हणाली, "व्हाय आर दे लाफिंग?"

क्लिप बनवणाऱ्याने मागे हसणारी माणसं घातलेली आहेत. ती सिनेमात नव्हती, वरून घातलीत. संध्याकाळी मी मुलाला म्हटलं, आपल्याकडे आईचा आवाज दुसरा कुठे नाही, फोनवर बोललेला पण कुणी ठेवला नाही. यातली हसणारी माणसं तेवढी काढून दे. एवढं मोठं इंजिनिअरिंग शिकलास. तो एक तास बसला. कुठलं तरी ॲप लावलं. मग म्हणाला, "बाबा, नाही होत. हसणं काढलं की रडणं पण जातं. त्या ॲपला दोन्ही सारखंच वाटतं."

मूळ सिनेमा कुठे मिळत नाही. विचारून बघितलं.

तर मी तशीच ऐकतो, रोज दुपारी, सगळे बाहेर गेले की. उजव्या कानाला लावतो. मध्ये अंबू आहे आणि चारी बाजूंनी लोक हसतायत. उचकी झाली की क्लिप संपते आणि आपोआप पहिल्यापासून सुरू होते.